ऑस्ट्रियातलं सव्वादहा

आधीच सांगून टाकते. या प्रवासात डोंगर आहेत, सफरचंदाचा केक आहे, वेळेवर सुटणाऱ्या आगगाड्या आहेत, आणि शेवटी मी डिग्री न घेता दर्यापूरला परत आलेली आहे. "स्वप्नं पाहा, खरी होतात" छापाचं काही वाचायचं असेल त्यांनी इथूनच वळावं. ज्यांचा पासपोर्ट तयार आहे पण बॅग भरवत नाही त्यांनी मात्र वाचा. तुमच्या उपयोगाचं यात बरंच आहे. माझ्या उपयोगाचं आता काही नाही.

अमरावतीला इंजिनिअरिंग केलं, मग अकोल्यात एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात तीन वर्षं नोकरी. कोणत्या तालुक्यात किती पोती गेली आणि किती परत आली, हे संगणकात भरायचं. दर शनिवारी एसटीने दर्यापूर, सोमवारी पहाटे परत. एका शनिवारी जेवताना मी म्हटलं, मला पुढे शिकायचं आहे, बाहेरच्या देशात. आईने पातोडीचा रस्सा वाढता वाढता हात थांबवला. बाबा म्हणाले, "बाहेर म्हंजे पुणे?"

ऑस्ट्रिया निवडला कारण तिथल्या एका छोट्या गावातल्या महाविद्यालयात माझा विषय इंग्रजीतून होता आणि फी जर्मनीतल्या खाजगी कॉलेजांपेक्षा कमी होती. दर्यापुरात निम्म्या लोकांनी मला शेवटपर्यंत ऑस्ट्रेलियालाच पाठवलं. कागदपत्रांसाठी सहा महिने धरा. प्रमाणपत्रांवर शिक्के, वर्षभर तिकडे राहता येईल इतकी शिल्लक दाखवणारा बँकेचा कागद, पोलिसांचा दाखला, आणि दिल्लीच्या वकिलातीत एक फेरी. जर्मन मी पुण्याच्या एका बाईंच्या ऑनलाइन वर्गात शिकले. त्या माझ्या मराठीला हसायच्या, जर्मनला नाही.

बाबांची ओळख इथेच करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांच्याशी येऊन थांबतं. ते पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे शाळेच्या पुस्तकांतून कधीच गेले, आमच्या घरातून गेले नाहीत. मी दात घासत असताना मोरीच्या दाराशी उभे राहून ते विचारायचे, "सात सव्वा?" तोंडात फेस असताना मी म्हणायचे, "पावणेनऊ." उत्तर चुकलं तर चहा उशिरा. गल्लीतली सगळी पोरं त्यांना पाहून रस्ता बदलायची आणि गणितात पहिली यायची. माझा कॉलेजात नंबर लागला तेव्हा त्यांनी ओट्यावर बसून जाहीर केलं होतं, "हे पाढ्यायचं काम हाय."

निघाले सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. दर्यापूर ते अकोला एसटी, दीड-दोन तास. रस्ता काही ठिकाणी नवा, काही ठिकाणी नुसता कागदावर. दोन्हीकडे कपाशी आणि सोयाबीन. बाबा अकोल्यापर्यंत सोडायला आले होते. आईने सामानात ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी, अकोल्याच्या मिलची तूरडाळ आणि डझनभर कापडी पिशव्या कोंबल्या होत्या. मुंबईच्या गाडीला उशीर होता. फलाटावर बाबांनी माझ्या बॅगेची चेन दोनदा उघडून परत लावली.

"तुले भेव वाटून राहिलं काय?" त्यांनी अखेर विचारलं.

"नाही."

"मले वाटून राहिलं," ते म्हणाले आणि पाण्याची बाटली भरायला गेले. गाडी सुटली तेव्हा बाटली त्यांच्याच हातात राहिली होती.

मुंबईहून विमान, मध्ये एकदा बदलून व्हिएन्ना. विमानतळावरून थेट रेल्वे मिळते, टॅक्सीच्या नादी लागू नका. तिथल्या रेल्वेचं सवलतीचं कार्ड सव्वीस वर्षांच्या आत असाल तर फार स्वस्त पडतं. मी सत्तावीसची होते. व्हिएन्नाहून पश्चिमेकडे गाडी, सेंट पोल्टनच्या पुढे एका जंक्शनला उतरायचं, तिथून दोन डब्यांची छोटी गाडी. सगळं मिळून दोन-अडीच तास. गावाचं नाव लिहीत नाही. आमच्या दर्यापूरपेक्षा लहान आहे. एक चौक, एक चर्च, एक नदी, आणि चहूबाजूंनी नासपतीची झाडं, ज्यांच्या फळांची तिथे आंबूस दारू करतात. शरद ऋतूत सगळा डोंगर तांबडा-पिवळा होतो. पहिल्या दिवशी मी शंभर फोटो काढले. नंतर एकही काढला नाही.

घरमालकीण फ्राउ एडेलबाउअर. वय पंचाहत्तर, नवरा वारलेला, मुलगा दूर. खाली त्या, वरच्या खोलीत मी, स्वयंपाकघर दोघींचं. खोली घेताना स्वयंपाकाचं आधी विचारून घ्या, मी विचारलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या आणि बाई ठसका लागून अंगणात गेल्या. परत आल्या त्या हसतच. त्यानंतर मिरच्या भाजायची वेळ ठरली: त्या मंगळवारी केस करायला जात तेव्हा. त्यांच्या पावात जवस असायचं. मी आईची चटणी चाखायला दिली तर त्यांनी ती लोण्यावर पसरून खाल्ली आणि डबा स्वतःकडेच ठेवून घेतला.

उपयोगाच्या गोष्टी एका दमात सांगते. पोचल्यावर तीन दिवसांत नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते, घरमालकाची सही लागते. दाराच्या पत्रपेटीवर आपलं नाव चिकटवा, नाहीतर पोस्टमन पत्र परत नेतो. दर्यापूरसारखं "मास्तरांची पोरगी" म्हणून कोणी घरपोच आणून देत नाही. रविवारी सगळं बंद, त्यामुळे शनिवारी दुपारपर्यंत किराणा आणा. रस्त्यात अनोळखी माणूसही "ग्रूस गॉट" म्हणतो, म्हणजे देवाचं नाव घेऊन रामराम. तुम्हीही म्हणा. पण त्यापुढे बोलणं जात नाही. आपल्याकडे रामरामानंतर कुठे चालल्या, कावून (म्हणजे कशाला) चालल्या, कोणाकडे उतरल्या, इथवर चौकशी होते. तिथे रामराम झाला की माणूस पुढे गेलेला असतो.

पुण्याच्या बाईंनी शिकवलेलं जर्मन त्या गावात कोणी बोलत नव्हतं. फ्राउ एडेलबाउअर शब्दांची शेपटं गिळायच्या. पुणेकरांना आमची वऱ्हाडी ऐकून काय होत असेल ते मला तिथे कळलं. पण एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात जमली, आणि तीच सांगायची आहे.

पत्त्याच्या नोंदीसाठी मला नगरपालिकेत गाडीने सोडायचं बाईंनी कबूल केलं होतं. निघायचं कधी, तर म्हणाल्या, "ड्रायफिअटल आख्ट." शब्दाला शब्द लावला तर "तीन चतुर्थांश आठ". वर्गात हे शिकवलं नव्हतं. वर्गात आठला पंधरा कमी, आठ वाजून पंधरा, असं सरळसोट होतं. फक्त अर्ध्या तासाचा घोळ पुण्याच्या बाईंनी पाच-सहा वेळा घोकून घेतला होता: हे लोक "अर्धे नऊ" म्हणतात तेव्हा साडेआठ समजायचे. मी जिन्यात उभी राहिले. तीन चतुर्थांश म्हणजे पाऊण. पाऊण आठ म्हणजे पावणेआठ! दुसऱ्या दिवशी सात पंचेचाळीसला मी बूट घालून दारात. बाई किल्ली हातात घेऊन थबकल्या. म्हणाल्या, "तुला कसं कळलं? जर्मनीतून येणाऱ्या लोकांनासुद्धा आमचं हे कळत नाही."

त्या दिवशी मी बाबांना फोन केला. नोंद झाली, बँकेत खातं उघडलं, हे सगळं नंतर. आधी पावणेआठ. पलीकडे त्यांचा आवाज चढला.

"म्हंजे तिकडं बी पाऊणकी हाय!"

"हो ना बाबा."

"मी काय सांगत होतो? सांगत होतो का नाई?" मग आईला हाक, "ऐकलं काय व, युरोपात पाऊणकी चालू हाय, अन् आपल्या इथल्यायनं बंद करून टाकली!" त्या आठवड्यात दर्यापुरात ज्याला ज्याला ते भेटले त्याला त्यांनी हे सांगितलं. निवृत्त मुख्याध्यापकांना, दूधवाल्याला, बसस्टँडवरच्या पानवाल्याला. आई म्हणाली, पेन्शनच्या रांगेत पण सांगितलं. मी इतकी खूश होते की त्या रात्री झोपताना पहिल्यांदा रडले नाही.

हो, बाकीच्या रात्री रडत होते. हे कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. नोव्हेंबरात धुकं उतरलं ते फेब्रुवारीपर्यंत हललं नाही. दुपारी चारला अंधार. वर्गातली बहुतेक मुलं आसपासच्या गावांतली, शुक्रवारी दुपारी आपापल्या घरी जात. शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ मी फ्राउ एडेलबाउअर सोडून कोणाशी एक शब्द बोललेली नसे. त्यांच्याशीही हवा आणि कचरा, दोनच विषय. कागद लाल झाकणात, काच रंगाप्रमाणे वेगळी, हे मला आता झोपेतही सांगता येईल. सकाळी उठावंसं वाटायचं नाही. फोनवर आई विचारायची, "काय खाल्लं?" आणि मी काल परवाचं काहीतरी सांगायची. अंग धुण्याचाही कंटाळा येतो तेव्हा समजावं की हा आळस नाही. मला समजलं नाही. डॉक्टरांकडे जा. विद्यार्थ्यांचा विमा असतो, त्यात मोफत होतं, मी चौकशीसुद्धा केली नाही.

जानेवारीत सांख्यिकीची परीक्षा. मी मास्तरांची मुलगी, गणितात आयुष्यात कधी नापास नाही. पेपर समोर आला आणि डोक्यात धुकं. दीड तास मी पेन हातात धरून बसले होते. नापास. एप्रिलमध्ये दुसरा प्रयत्न, दोन गुणांनी गेला. तिथला नियम असा की तिसरा प्रयत्न शेवटचा. तोंडी परीक्षा, तीन प्राध्यापकांसमोर. त्यात गेलात तर अभ्यासक्रमातूनच नाव कमी होतं, आणि नाव कमी झालं की राहण्याचा परवाना जातो. कारण न देता गैरहजर राहिलात तरी नापासच.

आता बाबांना सांगणं भाग होतं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "तिसरा हाय ना? मंग रडतं कायले? तीनमधून एक खेप गेलं काय, दोन खेप गेलं काय, एकच पायजे असते."

त्यानंतर मी अभ्यास केला. मनापासून केला. मे महिन्यात नासपतीची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली, फ्राउ एडेलबाउअर यांनी अंगणात माझ्यासाठी लाकडी टेबल काढून दिलं. सकाळी सातला बसायची ते ऊन उतरेपर्यंत. पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण तीनदा सोडवलं. मग उत्तरं मोठ्याने बोलून पाहायची. बाई भाजी निवडताना ऐकायच्या, त्यांना काही कळायचं नाही, पण मी अडखळले की मान वर करायच्या. धुकं डोक्यातूनही गेलं होतं. मी बऱ्या मनाने जेवत होते. हे मुद्दाम सांगते, कारण यानंतर जे झालं ते अभ्यास झाला नव्हता म्हणून झालं नाही.

परीक्षा जूनमध्ये, गुरुवारी साडेदहाला. पत्र आलं होतं, ते भिंतीवर लावलं होतं. बुधवारी दुपारी विभागाच्या कार्यालयातून फोन आला. कारकून बाई इंग्रजीत सुरुवात करत होत्या. आदल्या नऊ महिन्यांत कमावलेली एकुलती एक गोष्ट म्हणजे माझं जर्मन. मी ऐटीत म्हटलं, "जर्मनमध्ये बोला, चालेल." त्यांनाही बरं वाटलं असावं, त्या भराभर बोलू लागल्या. एका प्राध्यापकांना गाडी गाठायची आहे, म्हणून परीक्षा जरा आधी. "फिअटल त्सेन."

फिअटल म्हणजे पाव. त्सेन म्हणजे दहा. पाव आणि दहा. सव्वादहा! साडेदहाची सव्वादहा झाली, पंधरा मिनिटं आधी. मला ते इतकं लख्ख कळलं की शंकेला जागाच उरली नाही.

"लिहून पाठवू का?" त्यांनी विचारलं.

"गरज नाही," मी म्हटलं. "समजलं."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई म्हणते. समजलं, असं मी म्हटलं. कारकून बाईंनी विचारलं होतं लिहून पाठवू का, आणि मी नको म्हटलं.

गुरुवारी मी दहाच्या ठोक्याला इमारतीत शिरले. पंधरा मिनिटं हातात, इस्त्रीचा कुर्ता, फ्राउ एडेलबाउअर यांनी दिलेलं पेपरमिंट तोंडात. खोलीचं दार उघडं होतं आणि आत सफाई करणारी बाई खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवत होती. मी म्हटलं, इथे परीक्षा आहे. ती म्हणाली, झाली ती. मी कार्यालयात गेले. कारकून बाई मला पाहून उभ्या राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून त्यांनी एकेक शब्द तोडून सांगितलं. प्राध्यापक सव्वानऊपासून अर्धा तास थांबले. नंतर गाडीसाठी गेले. तुला फोनवर सांगितलं होतं.

सव्वानऊ.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात बसले. फ्राउ एडेलबाउअर यांनी भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि काटा बोटाने फिरवून दाखवला. नऊ वाजले की दहावा तास सुरू होतो. त्याचा पाव भाग झाला की पाव दहा. अर्धा झाला की अर्धे दहा. पाऊण झाला की पाऊण दहा. त्यांचं सगळं येणाऱ्या तासाच्या पोटातलं. आपलं पावणेदहा तेवढं त्यांच्याशी जुळतं. सव्वा जुळत नाही. सव्वा झालेल्या तासावर चढतो. सवायकी कधी न ऐकलेल्या मुलीला तो शब्द कळला नसता, तिने विचारलं असतं, लिहून घेतलं असतं. मला कळला होता. दर्यापूरच्या मोरीत तोंडाला फेस असताना मी तो शिकले होते.

यापुढचं थोडक्यात, कारण लांबवण्यासारखं काही नाही. मी अर्ज केला. बाई आपला चांगला कोट घालून माझ्याबरोबर विभागप्रमुखांकडे आल्या आणि गावठी जर्मनमध्ये अर्धा तास भांडल्या. विभागप्रमुख सज्जन होते. त्यांनी कॉफी दिली, ऐकून घेतलं, आणि म्हणाले की वेळेचा गैरसमज हे नियमात बसणारं कारण नाही. दहा दिवसांनी समितीचं पत्र आलं तेही तेच म्हणत होतं. माझं नाव पत्रपेटीवर व्यवस्थित चिकटवलेलं होतं, त्यामुळे पत्र वेळेवर पोचलं. निघताना बाई फाटकापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी तुला पहिल्याच दिवशी सगळं सांगायला हवं होतं." मी म्हटलं, तुमचा काय दोष. त्या रडल्या, मी रडले नाही. मला वाटतं माझं तोवर संपलं होतं.

जुलैत परत. व्हिएन्ना, मुंबई, रेल्वेने अकोला. बाबा फलाटावर होते. दहा महिन्यांत ते बरेच वाळले होते. माझी बॅग त्यांनी घेतली आणि म्हणाले, "गाडी टाइमावर आली आज." बसमध्ये मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या एका बाईने विचारलं, कुठून आल्या? मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "अकोल्याहून." हे मला फार लागलं. त्यांनी माझी लाज झाकली होती आणि मी ती झाकू दिली.

त्यांना काय सांगायचं ते मी विमानातच ठरवलं होतं. पेपर अवघड होता, नापास झाले. बस. सव्वाचं सांगितलं नाही. ज्या माणसाने पेन्शनच्या रांगेत उभं राहून युरोपातल्या पाऊणकीची बातमी दिली, त्याला कोणत्या तोंडाने सांगू की त्याच पाढ्यांनी मला एक तास उशिरा पोचवलं? मी नापास आहे हे ते सहन करतील. त्यांचं शिकवणं आडवं आलं, हे करणार नाहीत. आणि खरं सांगायचं तर, "लिहून पाठवू का" याला मी "नको" म्हटलं हे सांगायची मला लाज वाटते, ते वेगळंच. बाबा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं सगळं वाचतात. म्हणून विनंती आहे, हा लेख दर्यापूरच्या कोणत्याही ग्रुपवर टाकू नका.

जाणाऱ्यांनी काय करावं? जा. मी अडवणार नाही. ज्वारीचं पीठ न्या, डॉक्टरांकडे वेळेत जा, आणि कोणी वेळ सांगितली की आकड्यात लिहून मागा. कितीही समजलं असलं तरी मागा. माझ्यापाशी काय उरलं, याचा विचार मी रोज करते. थोडं जर्मन उरलं, ते दर्यापुरात कोणाशी बोलू? अकोल्याच्या कंपनीने परत घेतलं नाही, माझ्या जागी मुलगा लागला आहे. लोक विचारतात, सुट्टीवर आली काय? मी हो म्हणते. ही सुट्टी किती दिवस चालवायची ते मला माहीत नाही.

एवढ्यावर थांबणार होते, पण परवा सकाळी एक झालं. मी उठून बाहेर आले तर बाबा ओट्यावर माझं सांख्यिकीचं पुस्तक उघडून बसलेले. इंग्रजी जाडजूड पुस्तक. बाजूला शब्दकोश, वही, आणि वहीत त्यांच्या सुरेख अक्षरात पहिल्या तीन धड्यांची उदाहरणं सोडवलेली. महिनाभर रोज ते हे करत होते, मी झोपलेली असताना. आई म्हणाली, "मले सांगू नको म्हणत होते. तुह्या पुढच्या परीक्षेसाठी शिकून राहिले."

तिसऱ्यानंतर पुढची परीक्षा नसते, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

"बस अठी," बाबा म्हणाले. "चौथ्या धड्यातलं हे मले काई जमून नाई राहिलं. आपण दोघं पाहू." आणि त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. जमून राहिलं नव्हतं ते उदाहरण मी अंगणातल्या त्या टेबलावर तीनदा सोडवलेलं होतं. न ठरवता मी बोलायला लागले. का, कसं, कोणतं सूत्र, कुठे फसायला होतं. पाच मिनिटांत संपलं. त्यांनी पुढचं विचारलं, मी सांगितलं. त्यापुढचं विचारलं. मग ते पानं उलटून शेवटच्या धड्यावर गेले, तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहत राहिले. शिकवणाऱ्या माणसाला कोणाला येतं आणि कोणाला येत नाही हे कळतं.

"हे तं तुले सारंच येते," ते म्हणाले. "मंग कावून गेलं?"

आई शेंगा सोलायची थांबली.

"वेळ कमी पडला, बाबा."

ते विचारात पडले. मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. एवढंच ना, असा. त्यांनी मनगटातलं घड्याळ सोडून वहीवर ठेवलं, पहिल्या धड्यापासून दहा उदाहरणांवर खुणा केल्या आणि पेन माझ्या हातात दिलं.

"मंग तेवढंच राहिलं," ते म्हणाले. "आजपासून रोज टाइम लावून सोडोवू. कर सुरू."

मी पहिलं उदाहरण लिहून घेतलं.